वॉल्टरची बायको

२२ जुलै १९९६, सोमवार

शाळेत सिस्टर बर्नाडेट आम्हाला दर शुक्रवारी डायरी लिहायला लावायच्या, इंग्रजीत, आणि सोमवारी तपासायच्या. त्यामुळे ती डायरी फार गोड असायची. ही मी मराठीत लिहिणार. ही कुणी तपासणार नाही, शिवाय इंग्रजीत मला अजून नीट चिडता येत नाही.

आज चिडायचं काही कारण नव्हतं म्हणा. आज विद्यापीठात पहिला तास झाला. बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी लग्न झालं, एम.ए. राहिलं ते राहिलंच. सासूबाईंचं आजारपण, बाळचं शिक्षण, ह्यांची खडकीची नोकरी, तिथलं क्वार्टर. आता बाळ बडोद्याला आहे, हे डिफेन्स अकाउंट्समधून निवृत्त झाले, आम्ही वारज्याला स्वतःच्या घरात आलो आणि मी सत्तावन्नाव्या वर्षी हजेरीपटावर नाव लावलं.

मी वर्गात शिरले तर सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच मॅडम. मी "सिट डाउन" म्हणून घेतलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा कुठे हशा झाला.

खऱ्या मॅडम मागून आल्या, डॉ. कमरजहां. आमच्याच कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या, माझ्याहून बऱ्याच मागच्या. मी शेवटच्या वर्गात होते तेव्हा ही चिमुरडी प्रार्थनेच्या रांगेत रडत उभी असे आणि मी तिच्या वेणीची रिबीन बांधत असे. तास संपल्यावर स्वतःहून जवळ आली. "पद्मजाताई, तुमचा आवाज तसाच आहे हो. एलोक्यूशनचा कप दर वर्षी तुम्हीच न्यायचात." मला इतकं बरं वाटलं की परत येताना स्कूटरवर मी गात होते.

हे मला सोडतात आणि तास संपेपर्यंत बाहेर वडाखाली पेपर वाचत बसतात. आमचा संसार असाच झाला. मी आत काहीतरी करत असते, हे बाहेर बसलेले असतात.

१४ ऑगस्ट, बुधवार

वडाखाली चिखल झाला म्हणून हे व्हरांड्यात उभे होते. मॅडमनी दारातून पाहिलं. "काका, आत येऊन बसा. ऐकायला परवानगी लागत नाही." हे खरंच आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. शाळेत आपले वडील वर्गात येऊन बसावेत तसं मला झालं. पूर्ण तासभर मानेला रग लागली, मागे बघायचं नाही म्हणून.

११ सप्टेंबर, बुधवार

या वर्षी एक नाटककार खोलात शिकायचा आहे, डेनिस वॉर्लो. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीच्या गावातला, एकोणीसशे साठच्या आसपास लिहायला लागलेला. मी नाव ऐकलं नव्हतं. माझं इंग्लंड सिस्टरांच्या पुस्तकांतलं, हिरवळ, चर्चची घंटा, बिस्किटांच्या डब्यावरची घरं. ह्याच्या इंग्लंडात माणसं बनियनवर जेवायला बसतात आणि व्याकरण चुकवतात.

सध्या 'अ बाउल ऑफ पीज' चालू आहे. दोनच पात्रं, वॉल्टर आणि एल्सी, म्हातारं जोडपं. एल्सी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बहिणीकडे निघाली आहे. चार दिवसांसाठी की कायमची, हे कळत नाही. ती मटार सोलत बोलत असते, बोलत असते, आणि वॉल्टर अक्षर काढत नाही. शेवटी तिचंही बोलणं संपतं, बराच वेळ शांतता असते, मग वॉल्टर तोंड उघडतो. एकच लांबलचक भाषण. ते ऐकून ती मटारचं भांडं त्याच्याकडे सरकवते. पडदा.

मॅडमनी विचारलं, "वॉल्टर इतका वेळ गप्प का?" मी हात वर केला. आधुनिक माणसाचं एकाकीपण, यंत्रयुगात तुटलेला संवाद, सगळं व्यवस्थित सांगितलं, सुंदर इंग्रजीत. मॅडम "गुड" म्हणाल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, मराठीत. "त्याला वाटतंय, ती बोलते आहे तोवर सगळं ठीक आहे."

हे! इंग्रजीच्या वर्गात, मराठीत! वर्ग गार. मॅडमनी खडू उचलला आणि ते वाक्य इंग्रजी करून फळ्यावर लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली. माझं उत्तर फळ्यावर गेलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, "तुम्हाला कुठून सुचलं हो ते?"

"सुचलं," म्हणाले, आणि ताटं घेतली. जेवण होईपर्यंत मग मीच बोलत होते. काय काय बोलले ते आता आठवतही नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

कॅन्टीनमध्ये मुलं ह्यांच्याभोवती बसतात. ह्यांना काका म्हणतात आणि मला मॅडम. मी गेले की खुर्ची देतात आणि गप्प होतात.

त्यात ती वृषाली. लोणी काळभोरची आहे, रोज दोन बस बदलून येते. वर्गात जपून बोलते, कॅन्टीनमध्ये जीभ सुटते. आज मला म्हणाली, "मॅडम, काका घरी पण असंच भारी बोलत असतील ना? मज्जा हाय तुमची."

"हो तर," म्हटलं, "कान किटतात माझे."

ती खो खो हसली. हेही हसले. कपातला चहा सांडेपर्यंत. हे असे हसतात, हे मला माहीतच नव्हतं.

माणसाला काय काय येतं ते त्याच्या बायकोला कॅन्टीनमध्ये कळावं? हजेरीपटावर नाव माझं आहे. इंग्रजी माझं आहे. लग्नात ह्यांच्याकडच्या बायका मला "इंग्लिश बोलणारी सून" म्हणायच्या. बाळच्या शाळेत प्रिन्सिपॉलना भेटायचं तर मी, बँकेत साहेबाला पत्र लिहायचं तर मी. तेवढं एकच दालन माझ्या किल्लीचं होतं, आणि तिथेही हे चप्पल काढून आत येऊन बसले.

१२ डिसेंबर, गुरुवार

विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात 'अ बाउल ऑफ पीज' करायचं ठरलं आहे, फेब्रुवारीत. हातात पुस्तक न घेता, पाठ करून. आज मॅडमनी सगळ्यांकडून वाचून घेतलं.

मी गेले पंधरा दिवस एल्सीची तयारी करत होते. वयाने मी तिच्याच जवळची, इंग्रजीचा प्रश्नच नाही. वाचलं. प्रत्येक शब्द सुटा, शेवटचं व्यंजन स्वच्छ. सिस्टर बर्नाडेट दातांत पेन्सिल धरून म्हणायला लावायच्या, ते वाया गेलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग वृषाली वाचायला उभी राहिली. दोनदा अडखळली, एकदा स्वतःवरच "श्शी" म्हणाली.

मॅडमनी वृषालीला घेतलं.

मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "पद्मजाताई, रागावू नका. तुम्ही इतकं सुंदर वाचता की एल्सी ऐकूच येत नाही, इंग्रजीच ऐकू येतं."

जिच्या वेणीला मी रिबीन बांधली!

आणि वॉल्टर कोण? काका. हे म्हणाले, "छे, माझे उच्चार धड नाहीत." मॅडम म्हणाल्या, "वॉल्टरचेही नाहीत." हशा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी भाजी टाकत होते तर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "मी नाही म्हणून सांगू का?"

"माझ्यासाठी? मुळीच नको. लोक म्हणतील, बायको जळते."

"जळतेस का?"

"भाजी जळते आहे. बाजूला व्हा."

१३ डिसेंबर

हे दूध आणायला गेले तेव्हा आरशासमोर एल्सीचे सगळे संवाद म्हणून पाहिले. उत्तम झाले. कुणी नव्हतं.

८ जानेवारी १९९७, बुधवार

रोज वृषाली, वृषाली. वॉल्टरची बायको वृषाली. मग मी कोण? वॉल्टरच्या स्कूटरवर मागे बसणारी.

आज दुपारी हे डुलकी काढत असताना फोन आला. "काकू, मी वृषाली. काकांना सांगाल का, उद्या तालीम तीनला नाही, अकराला आहे. शेवटचा प्रवेश बसवायचाय. मॅडम दुपारी नाहीयेत." (फोनवर मी काकू झाले. का, ते माहीत नाही.)

"सांगते," म्हटलं.

हे उठले, चहा घेतला, संध्याकाळी पोस्टात जाऊन आले. मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणता येईल. विसरले नव्हते. सिंकपाशी उभी असताना दोनदा तोंडापर्यंत आलं आणि दोन्ही वेळा मी नळ सोडला.

१० जानेवारी, शुक्रवार

काल हे तीन वाजता गेले आणि कुलूप बघून परत आले. ती पोर सकाळी अकराला येऊन ताटकळत बसली होती, मॅडमही. हे सगळं ह्यांना आज विद्यापीठात कळलं.

घरी आल्यावर शर्ट खुंटीला लावता लावता विचारलं, "परवा फोन आला होता का गं?"

"हो."

"बरं."

आणि गॅलरीत जाऊन बसले. चिडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. "बरं" या शब्दाशी काय भांडणार? संध्याकाळी मुद्दाम विचारलं, "काय, आज मौनव्रत वाटतं?" हे माझं ह्यांच्यासाठीचं ठरलेलं वाक्य आहे, लग्न झाल्यापासूनचं. एरवी निदान हसतात. आज हसले नाहीत.

आता वृषालीच्या भावाचं लग्न आहे, ती तीन आठवडे येणार नाही. शेवटचा प्रवेश बसलाच नाही. मॅडमनी सांगितलं आहे, "काका, घरीच पक्का करा, नाहीतर वॉल्टर मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

माझ्यामुळे. हे मी इथे लिहिते आहे, तोंडाने म्हणाले नाही.

२० जानेवारी, सोमवार

गेल्या आठवड्यात हे पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. "तू एल्सीचं वाचशील का? घरच्यापुरतं."

घरच्यापुरतं! तरी हो म्हटलं. देणं होतं माझं.

मंडईतून मटार आले आहेत, ढीगभर. मी सोलायला बसते, पुस्तक तेलाच्या बरणीला टेकवते आणि एल्सीचं म्हणत जाते. हात गुंतलेले, त्यामुळे एलोक्यूशन वगैरे काही जमत नाही. कशीतरी, तोंडातल्या तोंडात, मध्येच "गॅस बारीक करा हो," असं चाललेलं असतं. सिस्टरांनी ऐकलं असतं तर उभं केलं असतं बाकावर. हे मात्र एकदा पुस्तकातून डोकं वर काढून बघतच राहिले. "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. म्हण."

ह्यांचे उच्चार मी दुरुस्त करते. 'वेन्सडे' काही केल्या येत नाही, 'वेडनसडे'च.

ती शेवटची शांतता मला जमत नाही. एल्सी बोलायची थांबते, मटार सोलत राहते, वॉल्टर आपणहून बोलायला लागेपर्यंत. असं गप्प बसायचं म्हणजे मला गुदमरल्यासारखं होतं. मी आपलं म्हणते, "आज मौनव्रत वाटतं?" की हे भाषण सुरू करतात, गाडीला धक्का दिल्यासारखं. एकदा म्हटलं, "नाही म्हणत यापुढे, पुस्तकात नाही ते." तर म्हणाले, "असू दे. त्याने मला सुरुवात सापडते."

रोज मटार उसळ चालली आहे. पण खरं सांगायचं तर मजा येते. वाईट एवढंच वाटतं, की ही सगळी मजा वृषालीसाठी भरून ठेवायची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वृषाली लग्नाचे लाडू घेऊन घरी आली. हे बाहेर गेले होते. ओट्यापाशी उभी राहून माझ्याशी बोलत राहिली.

"काकू, त्या दिवशी तालमीला यायचं काका विसरले ना, तर किती वेळा सॉरी म्हणले मला. मी म्हटलं, होतं असं, वय झालं की."

म्हणजे ह्यांनी दोष स्वतःवर घेतला. आणि मी काय म्हणाले? "हो, वय झालं." लाज वाटली ती नंतर, भांडी घासताना.

मग म्हणाली, "काका सांगत होते, तुम्ही पोळ्या करताना इंग्लिश गाणी म्हणायचात. ते ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी ऑफिसात कधी ओव्हरटाइम केला नाही. अख्ख्या सेक्शनात एकटेच. खरंय का?"

मला वाटत होतं, ह्यांचे साहेब ह्यांना विचारतच नाहीत. त्यावरून मी किती बोलले आहे ह्यांना! ओव्हरटाइम केला असता तर वारज्याचं हे घर दहा वर्षं आधी झालं असतं. आणि हे कारण मला आता कळतंय, तेही त्या पोरीकडून. मला सांगायला काय झालं होतं? तिला कशाला सांगायचं? दिवसभर डोकं तापलेलं आहे. पोळ्या करताना मुद्दाम एक गाणं म्हटलं नाही.

जाताना ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय, तुमच्याकडं एखादा जुना स्वेटर असला तर एल्सीला पाहिजे."

दिला. राखाडी, कोपरावर रफू केलेला. भूमिका तिची, स्वेटर माझा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रंगीत तालीम. मी आत गेले नाही. बाहेर वडाखाली पेपर घेऊन बसले. वाचणं काही होत नाही तिथे, सगळं लक्ष आतल्या आवाजाकडे असतं. ह्यांचंही असंच होत असेल का?

परतताना स्कूटरवर विचारलं, "शेवटचं कसं झालं?"

"घेतलंच नाही. इतके दिवस वृषालीचंच राहिलेलं बसवणं चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, ते भाषण आज नको, शिळं होईल. थेट शनिवारी म्हणा."

१५ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी मॅडम. समोर टेबल, दोन खुर्च्या, चिनीमातीचं भांडं, मटारच्या शेंगा. वृषाली माझ्या स्वेटरमध्ये. हे जुन्या कोटात, केस विंचरलेले. फार दिवसांनी मी ह्यांच्याकडे लांबून पाहिलं. देखणे दिसत होते.

वृषालीने चांगलं केलं. लिहायला जिवावर येतंय, पण चांगलं केलं. एकदाही अडखळली नाही. हे गप्प बसून होते आणि ते गप्प बसणंही बघत राहावं असं होतं. मला सगळा वेळ वाटत होतं, माझं कपाट कुणीतरी उघडून चार लोकांत मांडलं आहे, आणि लोक वा वा म्हणताहेत.

एल्सीचं बोलणं संपलं. वृषालीने मान खाली घालून एक शेंग सोलली. दुसरी सोलली. हे टेबलाकडे बघत बसले.

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघा, कसे थांबलेत!"

आणखी एक शेंग. आणखी एक. लोक पुढे सरकून बसले. वृषालीने हळूच डोळे वर करून ह्यांच्याकडे पाहिलं आणि घाईने पुन्हा शेंगांकडे वळली. सोललेलीच शेंग ती पुन्हा सोलू लागली. मॅडमचं हसू विरलं. "विसरले की काय?" त्या पुटपुटल्या.

मला एकदम कळलं. हे विसरले नव्हते. हे वाट बघत होते. रोज त्या जागी एक वाक्य येतं आणि मग ह्यांची गाडी सुटते. ते वाक्य वृषालीला माहीत नाही, मॅडमना माहीत नाही, वॉर्लोला माहीत नाही. त्या भरल्या सभागृहात ते मला एकटीला माहीत होतं.

खरं लिहायचं तर क्षणभर मला फार बरं वाटलं. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. उद्या सगळे म्हणाले असते, काका अडले. मग हे वर्गात आले नसते, वडाखाली पेपर घेऊन बसले असते, आणि माझं सगळं मला परत मिळालं असतं. मी पर्सचा बंद घट्ट धरून बसले होते.

मग ह्यांनी डोळे वर केले. समोर बसलेल्या वृषालीकडे बघितलंच नाही. प्रेक्षकांत बघायला लागले, रांगेमागून रांग. गर्दीत हरवलेलं माणूस शोधतात तसे. मी तिसऱ्या रांगेत आहे हेही ह्यांना माहीत नव्हतं.

"काय, आज मौनव्रत वाटतं?"

माझाच आवाज. दूध उतू जायच्या बेतात असताना जो निघतो तो. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं, मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

आणि हे बोलायला लागले. खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळून, सबंध भाषण. वॉल्टर म्हणतो, तू बोलतेस त्यावरून मला घर कुठे आहे ते कळतं, धुक्यात गिरणीच्या भोंग्यावरून कळावं तसं. म्हणतो, मी कधी उत्तर दिलं नाही, कारण मी बोललो तर तू थांबशील. रोज स्वयंपाकघरात ऐकलेलं, पन्नासदा उच्चार सुधारलेलं. तरी मी ते पहिल्यांदा ऐकलं. कुणी हसत नव्हतं. 'वेडनसडे' चुकलंच.

वृषालीला शेवटी भांडं सरकवायचं होतं. तिने ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं, माझ्या बाजूला.

टाळ्या थांबल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "पद्मजाताई, ते वाक्य वॉर्लोचं नाही."

"नाही. आमच्या घरचं आहे."

"डिसेंबरमध्ये असं का नाही वाचलंत?"

"डिसेंबरमध्ये मी इंग्रजी वाचत होते."

वृषाली धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. "काकू, मला वाटलं आता मेले मी! आणि काका तर सगळं तुमच्याशीच बोलले की! मी आपली येड्यावानी शेंगा सोलत बसले." घामाने तिचं कपाळ ओलं होतं. मी पदराने पुसलं. "तालमीचा निरोप मीच दिला नव्हता," मी तिच्या कानात म्हणाले. ती जरा मागे झाली, माझ्याकडे बघितलं. "मग बरंच झालं की," म्हणाली.

वाटेत हे एवढंच म्हणाले, "वाटलं होतं, तू बोलशील."

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून एक गोष्ट खुपते आहे. काल जे झालं ते छान झालं. बाळला फोनवर सांगितलं, शेजारी सांगितलं. पण ते सगळं एल्सीचं होतं. डेनिस वॉर्लोने लिहून दिलेलं, इंग्रजीत. हे माझ्याकडे बघून बोलले, पण बोलले दुसरीच्या नवऱ्याचं. आता मला एल्सीचा हेवा वाटायला लागला आहे. कागदावरची बाई, तिचाही!

हे मेथी निवडत बसले होते. मी समोर बसले.

"कालचं ते मराठीत म्हणून दाखवा."

"भाषांतर करून?"

"भाषांतर नको. तुमचं."

ह्यांनी काडी मोडली, पानं खुडली, दुसरी काडी घेतली. माझं वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली, बंद झाली. एवढं कसं काय सहन करत असेल ती एल्सी? पण मी दात दाबून बसले. जुडीतली मेथी संपत आली.

मग बोलले. मेथीकडे बघत, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. लग्नानंतरच्या वर्षातली एक गोष्ट सांगितली, खडकीच्या क्वार्टरच्या पायऱ्यांवरची. मला वाटलं होतं ती फक्त माझ्याच लक्षात आहे. साल चुकलं ह्यांचं, बासष्टचं एकसष्ट केलं. मी दुरुस्त केलं नाही. काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही.

बोलून झालं. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "हे वृषालीला सांगितलंत तर बघा."

"नाही सांगणार," म्हणाले, आणि काड्या गोळा करून बाहेर टाकायला गेले.